भोळ्या भावाची जामिनकी

साधा, भाबडा, भोळा आणि बावळट हे चार शब्द आपण बोलताना पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. तथापि थोडे थांबून विचार केला, तर त्यांची घरे निरनिराळी आहेत असे ध्यानात येते. बावळटाला समजत नाही, साध्याला डावपेच करावेसे वाटत नाहीत, भाबड्याची भावना त्याच्या विचाराला मागे टाकून पुढे धावते, आणि भोळा तो, की जो दुसऱ्याच्या अंतःकरणात कपट असू शकेल ही कल्पनाच आपल्या मनाला शिवू देत नाही. म्हणूनच भोळा हे विशेषण आपल्या परंपरेने साक्षात महादेवाला वाहिले. परंतु त्याच परंपरेने भस्मासुराची कथाही सांगून ठेवली. ज्याच्या मस्तकावर हात ठेवशील तो भस्म होईल, असा वर मागणाऱ्याला तो निःशंकपणे देऊन टाकणाऱ्या देवाला पुढे त्याच असुरापासून पळत सुटावे लागले, ही गोष्ट लहानपणी करमणूक म्हणून ऐकलेली असली, तरी तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. सज्जनाचा भोळेपणा दुर्जनाच्या हातचे शस्त्र होत असेल, तर त्या भोळेपणाला सद्गुण म्हणावे की दोष?

या प्रश्नाचा इंग्रजी कादंबरीत झालेला अत्यंत सहृदय विचार पाहावयाचा असेल, तर चार्ल्स डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट' या कादंबरीतील टॉम पिंच या पात्राकडे वळावे लागते. जानेवारी १८४३ ते जुलै १८४४ या मुदतीत ही कादंबरी मासिक भागांनी प्रसिद्ध झाली. १८४२ साली अमेरिकेचा प्रवास करून परतलेला डिकन्स त्या वेळी तिशीत होता. 'पिक्विक पेपर्स'च्या भागांना जो उदंड खप लाभला होता, तो या कादंबरीच्या वाट्याला आला नाही, आणि ग्राहकसंख्या सुमारे वीस हजारांवरच रेंगाळलेली पाहून त्याने आपल्या तरुण नायकाला मध्येच अमेरिकेला धाडले, हा इतिहास वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहे. स्वार्थ हा या कादंबरीचा विषय. चझलविट या विस्तृत कुटुंबात तो किती रूपांनी वावरतो, बीजातून कसा फोफावतो, हे दाखविण्यासाठी लेखकाने लोभी, दांभिक, खुनशी अशा माणसांची एक रांगच उभी केली आहे. त्या सर्वांच्या मध्यभागी, स्वतःसाठी काहीही न मागणारा, वाकलेल्या खांद्यांचा, डोळ्यांनी अधू आणि अकाली टक्कल पडलेला टॉम पिंच गावच्या देवळात ऑर्गन वाजवीत बसलेला आहे. ग्रंथाच्या मुखचित्रासाठी हॅब्लो ब्राउन या चित्रकाराने ऑर्गनवर बसलेल्या टॉमचीच आकृती काढावी आणि कादंबरीतील इतर पात्रे त्याच्याभोवती स्वप्नासारखी तरंगत ठेवावी, यावरून नायकाचे नाव मार्टिन असले, तरी ग्रंथाचे हृदय कोठे आहे ते सहज कळते.

टॉम राहतो तो इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात, सॅलिसबरी शहराजवळच्या एका खेड्यात. त्याचा धनी सेथ पेक्स्निफ हा स्वतःला शिल्पज्ञ आणि भूमापक म्हणवितो. त्याने आयुष्यात एखादी इमारत बांधल्याचा दाखला कोठेही नाही; शिल्पशास्त्र शिकविण्याच्या नावाखाली सुखवस्तू घरांतील मुले भरपूर शुल्क घेऊन पदरी बाळगावी, त्यांच्याकडून सॅलिसबरीच्या कॅथीड्रलचे नकाशे शक्य तितक्या बाजूंनी काढून घ्यावे, आणि एखाद्याच्या हातून खरोखरच चांगला आराखडा उतरला तर तो आपलाच म्हणून मिरवावा, हा त्याचा व्यवसाय होय. मुखाने अखंड नीतिपाठ चालू, आणि व्यवहारात मात्र दुसऱ्याच्या कष्टाची वसुली, असा हा गृहस्थ इतका हुबेहूब उतरला आहे, की त्याच्या नावापासून झालेले विशेषण दांभिक या अर्थाने इंग्रजी कोशात कायमचे नोंदले गेले आहे.

अशा मनुष्याच्या घरी टॉम आला कसा? त्याची आजी एका श्रीमंत घरी घरकारभार पाहत असे. नातवाने शिकून सवरून मोठे गृहस्थ व्हावे, या एकाच आशेने तिने जन्मभर पैपैने साठविलेली पुंजी पेक्स्निफच्या हवाली केली. पेक्स्निफने ती घेतली, पोराला शिष्य म्हणून ठेवले, पुढे अल्प वेतनावर मदतनीस केले, आणि हिशेब, पत्रव्यवहार, नव्या शिष्यांची उठबस, गाडी हाकणे अशी नाना कामे त्याच्या गळ्यात घातली. टॉमची समजूत मात्र अशी, की आपल्यासारख्या सामान्य बुद्धीच्या मुलाला इतक्या थोर पुरुषाने नेहमीपेक्षा कमी रकमेत आश्रय दिला, हे त्याचे आपल्यावर न फिटणारे ऋण आहे. आजीची पुंजी घेणारा तो उपकारकर्ता, आणि ती देणाऱ्या घराण्याचा वंशज तो ऋणको, असा हा उलटा खतावलेला हिशेब टॉम वर्षानुवर्षे अगदी प्रामाणिकपणे जपून ठेवतो.

कादंबरीच्या आरंभीच टॉमचा जिवलग मित्र जॉन वेस्टलॉक पेक्स्निफशी भांडून त्याची शाळा सोडून निघतो. टॉम त्याला निरोप द्यावयास जातो, आणि त्या प्रसंगी दोघांत जे बोलणे होते त्यात या व्यक्तिरेखेची सारी मेख आहे. धन्याविषयी वाईट बोलू नकोस, असे टॉम काकुळतीने विनवितो. आणि जॉन त्याला स्पष्ट सांगतो, की पेक्स्निफने तुला दयेपोटी ठेवलेले नसून तुझ्या सचोटीचा त्याला उपयोग आहे म्हणून ठेवले आहे. पंचक्रोशीत टॉमला ओळखणारा प्रत्येक मनुष्य जाणतो, की हा खोटे बोलणार नाही. आणि हाच माणूस जेव्हा पेक्स्निफचे गुणगान गातो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनातील उरलासुरला संशयही नाहीसा होतो. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत सांगावयाचे, तर टॉम हा पेक्स्निफचा जामीन आहे. त्याने कोणत्याही कागदावर सही केलेली नाही, कोणा कचेरीत तो रुजू झालेला नाही. परंतु स्वतःच्या निर्मळ चारित्र्याचा हवाला देऊन एका लबाड मनुष्याची पत त्याने गावभर कायम राखली आहे. भोळेपणाची हानी भोळ्या मनुष्यापुरतीच असती, तर तिची कीव करून मोकळे होता आले असते. परंतु जो जो नवा शिष्य त्या घराचा उंबरा ओलांडतो, त्याच्या फसवणुकीत टॉमच्या चांगुलपणाचाही अजाणता वाटा आहे, हे डिकन्सने दाखविले आहे, आणि आपल्या लाडक्या पात्रावरचा हा ठपका त्याने मायेपोटी झाकून ठेवलेला नाही.

तथापि टॉमच्या अंतरंगात पेक्स्निफचा हात पोहोचला नाही अशी एक जागा आहे. गावच्या देवळात तो विनावेतन ऑर्गन वाजवितो. नव्या शिष्याला आणण्यासाठी सॅलिसबरीला गेल्यावर बाजारातील पुस्तकांच्या दुकानांसमोर तो मुलासारखा रेंगाळतो. ज्याचे नकाशे त्या घरात इतक्यांनी काढले, त्या कॅथीड्रलच्या आत शिरून त्यातील भव्य ऑर्गनचे स्वर तोच एकटा भक्तिभावाने ऐकतो. पायाचा दगड १२२० साली बसलेल्या त्या मंदिराचा ४०४ फूट उंचीचा मनोरा ब्रिटनमध्ये सर्वांत उंच गणला जातो. पेक्स्निफच्या लेखी ती वास्तू म्हणजे शुल्क मिळविण्याचे निमित्त, आणि टॉमला मात्र ती स्वरांनी भरलेली दिसते. गावच्या देवळात टॉम वाजवीत असलेल्या ऑर्गनच्या नादाने मेरी ग्रॅहम ही अनाथ, सुशील तरुणी त्या देवळाच्या दाराशी येऊन उभी राहते. टॉमचे मन तिच्यावर जडते. पण ती आपला मित्र मार्टिन याची वाग्दत्ता आहे हे कळताच तो त्या भावनेला मनाच्या तळाशी ठेवून देतो, आणि त्या दोघांच्या विरहात त्यांचा विश्वासू दूत होतो.

पेक्स्निफकडे नवा शिष्य म्हणून आलेला मार्टिन हा टॉमचे चांगुलपण गृहीत धरणारा, आत्मकेंद्रित तरुण. पेक्स्निफने त्याला घराबाहेर काढल्यावर भर पावसात चाललेल्या त्या मुलाच्या मागे टॉम धावत जातो आणि वाटेत वाचावयास म्हणून एक पुस्तक त्याच्या हाती देतो. पुढे मार्टिनला त्या पुस्तकात कागदात गुंडाळलेले अर्ध्या सॉव्हरिनचे सोन्याचे नाणे सापडते, आणि कागदावर आपल्याला याची गरज नाही, जवळ ठेवले तर त्याचे काय करावे हेही आपल्याला सुचणार नाही, अशा अर्थाचा मजकूर असतो. टॉमसारख्या अल्पवेतनी माणसाला दहा शिलिंग ही मोठी रक्कम होती. दान घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून आपल्या गरिबीलाच बेफिकिरीचा पोशाख चढविणारे हे औदार्य शिकवून येत नाही, आणि ते बावळटाला साधत नाही. टॉमला भ्याड समजणाऱ्यांचीही डिकन्स लवकरच समजूत घालतो. शेताच्या कुंपणापाशी जोनस हा मग्रूर मनुष्य त्याची वाट अडवून छडी उगारतो, तेव्हा टॉम ती हिसकावून घेतो, आणि त्या झटापटीत जोनसच डोके फुटून खाली पडतो.

मग तो दिवस येतो. मार्टिनचा आजोबा, म्हणजे वृद्ध चझलविट, याला आपल्या कह्यात घेतल्यावर पेक्स्निफ मेरीलाही लग्नासाठी छळू लागतो, आणि कोणाजवळ तरी दुःख बोलावे म्हणून ती देवळात टॉमला सारी हकीकत सांगते. ती ऐकताना टॉमच्या मनावर जो आघात होतो त्याचे वर्णन डिकन्सने अतिशय खोल समजेने केले आहे. मनुष्य मरतो तेव्हा त्याची स्मृती तरी उरते. इथे तर जो मनुष्य टॉमने पूजिला तो कधी अस्तित्वातच नव्हता, असे कळून चुकते. पेक्स्निफ पूर्वी चांगला होता आणि आता बिघडला असे म्हणण्याचीही सोय उरली नाही. म्हणजे भूतकाळही हातचा गेला. हे संभाषण देवळातील आसनाआड लपून ऐकणारा पेक्स्निफ उलट टॉमवरच मेरीशी अनुचित वर्तनाचा आळ घालतो, वृद्ध चझलविटच्या देखत डोळ्यांत अश्रू आणून त्याला बडतर्फ करतो, आणि टॉम आपली कैफियत मांडीत बसत नाही. मेरीचे गुपित उघडे पडेल म्हणून तो आळ मुकाट्याने सोसतो आणि ते घर सोडतो. जामिनकी संपली ती अशी. कागद फाडण्याचा देखावा न करता, केवळ पाठ फिरवून.

येथपर्यंतचा टॉम आपल्याला हळहळावयास लावतो. यापुढचा टॉम आदर वाटावयास लावतो. तो लंडनला येतो तो आपली धाकटी बहीण रूथ हिच्या ओढीने. ती कँबरवेल येथे पितळ आणि तांबे ओतण्याच्या कारखानदाराच्या प्रशस्त घरात मुलींची शिक्षिका आहे, आणि तिचे सुखाने चालले असावे, असे टॉम गृहीत धरून असतो. भोळ्या मनुष्याला आपल्या माणसाचे दुःखही उशिरा दिसते, कारण जगाने आपल्या बहिणीशी वाईट वागावे हे त्याला संभवनीयच वाटत नाही. तेथे पोहोचल्यावर मात्र त्याला दिसते, की नोकरचाकरांपासून शिष्येपर्यंत सर्वजण तिचा पाणउतारा करतात, आणि वर घरमालक तक्रार करतो, की हिला मुलीकडून मान मिळविता येत नाही. त्या क्षणी वर्षानुवर्षे मान खाली घालून राहिलेला टॉम ताठ उभा राहतो. ज्या घरात आईबाप शिक्षिकेला तुच्छ लेखतात, त्या घरातील मुलीला तिच्याविषयी आदर शिकविणार कोण, असे तो त्या श्रीमंताला त्याच्याच दिवाणखान्यात विचारतो, बहिणीचा हात धरतो आणि तिला घेऊन बाहेर पडतो. स्वतःसाठी ज्याने कधी एक शब्द उच्चारला नाही, त्याच्या तोंडी बहिणीसाठी हे धारदार वाक्य यावे, यात भावाच्या नात्याचा गौरव आहे. खिशात पैसा नाही, नोकरी नाही, आणि शहर अनोळखी. अशा अवस्थेत तो एका जिवाचा भार हसत उचलतो. पूर्वी तो अपात्र माणसाला जामीन राहिला होता, आता पात्राला राहिला.

इझ्लिंग्टन भागात त्यांनी थाटलेले दोन-तीन खोल्यांचे बिऱ्हाड हा या कादंबरीतील सर्वांत उजळ भाग होय. रूथ किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून गृहिणीच्या थाटात वावरते, खर्चाची वही मांडते, आणि पहिल्यांदाच स्वयंपाकाचा घाट घालून मांसाचे पुडिंग करावयास बसते. ते जमेल की बिघडेल या विवंचनेत ती असताना टॉम तिच्याकडे पाहत बसतो, आणि त्या पाहण्यातच त्याचे सारे ऐश्वर्य साठलेले असते. हे दृश्य इंग्रज वाचकांच्या मनात इतके रुजले, की एलायझा ॲक्टन या नामांकित पाककलालेखिकेने आपल्या ग्रंथात रूथ पिंचच्या नावाने पुडिंगची एक कृतीच देऊन टाकली. ज्या लेखकाने बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, आणि ज्याची थोरली बहीण फॅनी त्याच काळात लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत संगीत शिकत होती, त्याला बहीणभावाच्या एकत्र बिऱ्हाडाचे हे स्वप्न इतक्या जिव्हाळ्याने रंगविता यावे, यात नवल नाही.

भोळेपणा लंडनमध्येही टॉमला सोडून गेला नाही. तो रस्ते चुकतो. दुसऱ्याने दिलेली चिठ्ठी बोटीवर नेऊन देतो आणि तिच्यामुळे कोणते संकट कोणावर ओढवेल याची त्याला कल्पनाही नसते. ऑस्टिन फ्रायर्समधील फिप्स नावाच्या गृहस्थामार्फत त्याला वार्षिक शंभर पौंडांची नोकरी मिळते. टेंपलमधील एका बंद घरात पडलेली पुस्तके लावावी, त्यांची यादी करावी, एवढेच काम. धनी मात्र अज्ञात. त्या मुक्या खोल्यांत तो एकटाच इमानाने काम करीत राहतो. तो धनी वृद्ध चझलविटच होता, आणि पेक्स्निफच्या घरी दुर्बळपणाचे सोंग घेऊन त्याने सर्वांची पारख केली होती, हे शेवटी उलगडते. टेंपलच्या आवारातील कारंज्यापाशी रोज सायंकाळी रूथ भावाची वाट पाहते. जॉन वेस्टलॉकची आणि तिची भेट तेथेच घडते, आणि त्या भेटींतून त्यांचा विवाह ठरतो. ते कारंजे मिडल टेंपलमध्ये आजही आहे.

टॉमचे स्वतःचे काय? मेरी मार्टिनची होते. भावाच्या मनातील गुपित रूथने ओळखलेले असते, आणि ती त्याच्यासाठी रडते, तेव्हा तो तिची समजूत घालतो, की कथेतील नायकाला शेवटी बक्षीस मिळालेच पाहिजे असा जगाचा करार नाही. पुस्तकातल्या न्यायाहून मोठा न्याय असू शकतो, आणि मेरीच्या सुखात आपल्याला दुःख वाटावे इतके आपले मन दरिद्री नाही. हे उद्गार काढणारा मनुष्य कादंबरीच्या आरंभीचा टॉम राहिलेला नाही. त्या वेळी त्याला जग ठाऊक नव्हते म्हणून तो चांगला होता असे कोणी म्हणू शकला असता. आता पेक्स्निफ ठाऊक झाला, कँबरवेल ठाऊक झाले, ज्याला नाणे दिले तो मार्टिनही एकदा गैरसमजाने तोंड फिरवून गेला. इतके सारे कळूनही त्याचा चांगुलपणा तसूभर ढळला नाही.

टॉम जरुरीपेक्षा अधिक गोड आहे, लेखक त्याला उद्देशून वारंवार गहिवरतो, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. डिकन्सचा गहिवर कधीकधी पात्राच्या पुढे उभा राहून त्याला झाकतो. परंतु त्या गहिवराखाली जो विचार आहे, तो कणखर आहे. शेवटी निर्धन आणि व्यसनी झालेला पेक्स्निफ टॉमला भिकेची पत्रे लिहितो, आपणच त्याला वाढविले म्हणून गावोगाव सांगत फिरतो, आणि टॉम त्याला पैसे देतो. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, की हा काही शिकला नाही. पण पूर्वीच्या देण्यात आणि या देण्यात महदंतर आहे. पूर्वी टॉम पेक्स्निफला आपला विश्वास देत होता, आणि त्या विश्वासाची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागत होती. आता तो त्याला केवळ पैसा देतो, आणि तो त्याचा स्वतःचा आहे.

भस्मासुराच्या कथेने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. दया कोणावरही करावी. तिला पात्रापात्रतेचा विचार नसला तरी चालतो. जामीन मात्र पारखूनच राहावे, कारण आपल्या शब्दावर विसंबून दुसरे लोक आपले सर्वस्व कोणाच्या तरी स्वाधीन करीत असतात. ज्यांच्या घरात असा एखादा भोळा भाऊ आहे, त्यांनी त्याला हसू नये आणि त्याला बदलण्याच्या खटपटीतही पडू नये. जॉन वेस्टलॉकने केले तेवढेच करावे: खरे आहे ते त्याला स्पष्ट सांगावे, आणि त्याचे डोळे उघडतील त्या दिवशी त्याच्यासाठी आपल्या घराचे दार उघडे ठेवावे.